चेंडू माझ्याकडे द्या

अहो वहिनी, जरा भिंतीपाशी या ना! आमचा चेंडू तुमच्या रखिया बडीत पडलाय. हो, नातवाचाच. पडली का ओल्या बडीत खाच? उद्या मी येते हाताखाली, परत घालू. कोहळ्याचे सांडगे म्हणणारे आपण रायपुरात बडी कधी म्हणायला लागलो, कळलंच नाही बघा.

क्रिकेटचा नव्हे हो, बेसबॉलचा. आपल्या बुढापारा मोहल्ल्यात कुणाला सांगितलं तर हसतात. 2023च्या जानेवारीत नवा रायपूरच्या स्टेडियमवर न्यूझीलंड 108 धावांत गारद झाली, तेव्हापासून गल्लीतलं प्रत्येक पोर गोलंदाज. मुलगा म्हणाला, त्या गर्दीत याचा नंबर कधी लागायचा? शालेय स्पर्धांत बेसबॉलही असतो, तिथे रांग तरी छोटी. लावली शिकवणी, गणिताला लावतात तशी. एक सर, एक मुलगा, आठवड्यातून तीनदा. नऊ जणांचा खेळ एकट्याला शिकवायचा म्हणजे भजनात एकट्यानेच टाळ कुटायचे! पण मी गप्प बसले.

यांनी हौसेने ग्लोव्ह आणला, तोही चुकीच्या हाताचा. उजव्या हाताने फेकणाऱ्याचा ग्लोव्ह डाव्या हातात असतो म्हणे. दुकानदाराला माहीत नाही, यांना तर नाहीच.

पहिल्याच दिवशी सरांनी पोराच्या हातात चेंडू नाही, टॉवेल दिला. अर्धा तास हा आपला झटकतोय, झटकतोय. मला वाटलं, माश्या हाकलायला शिकवतात की काय! तर चेंडू न फेकता फेकण्याची पूर्ण क्रिया गिरवायची ती रीत, अमेरिकेतल्या टॉम हाउस नावाच्या प्रशिक्षकाने रूढ केलेली. हाच तो, आपल्या रिंकू सिंह आणि दिनेश पटेलला शिकवणारा. आठवतात का? बनारसकडची पोरं, भाला फेकणारी. 2008 साली टीव्हीवरच्या स्पर्धेतून निवडली, अमेरिकेला नेली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांशी करार केला. पुढे सिनेमाही निघाला. तो रिंकूच नंतर टीव्हीवरच्या कुस्तीत वीर महान या नावाने उतरला. तुमच्याकडे भावजी बघायचे ना, तो कपाळाला भस्म लावलेला!

आमच्या घरात त्या दोघांचं नाव दिवसातून दहादा निघतं. पण वहिनी, ती पोरं भाला फेकून तयार झालेली, हाडापेराने पक्की. आमचा अकरा वर्षांचा. या वयात कोपराचं हाड वाढतं असतं, त्यावर रोजच ताण आला तर दुखणं कायमचं बसू शकतं. अमेरिकेत त्यासाठी मोजमाप ठरवलंय: अकरा-बारा वर्षांच्या मुलाने सामन्यात दिवसाला 85च्या वर चेंडू टाकायचे नाहीत, 65च्या पुढे गेला तर चार दिवस विश्रांती. हे सरांनीच सांगितलं, खोटं कशाला बोलू? माणूस भला आहे, मोजतोही.

पण सर मोजतात ते सरांच्या वेळचे. शाळेचे मास्तर मोजतात ते शाळेचे. आणि संध्याकाळी हा या भिंतीवर आपटतो ते कुणाच्याच वहीत नाहीत. हात मात्र एकच! गेल्या महिन्यात भाताचा घास घेताना कोपर धरून बसला, तेव्हा कुठे आमच्या लक्षात आलं. मग तीन आठवडे फेकणं बंद ठेवलं. मुलगा कुरकुरला, शिकवणीचे पैसे आगाऊ भरलेत म्हणून. म्हटलं, पैसे बुडू देत.

आता हिशेब माझ्याकडे. कॅलेंडरवर दुधाच्या खुणा करते ना, त्याच्याच खाली चेंडूंच्या. सरांना विचारून घरचा आकडा साठावर बांधलाय, सर, शाळा आणि भिंत सगळं धरून. सुटीच्या दिवशी शून्य.

आजचे साठ झालेत. तुमच्या बडीत आला तो एकसष्टावा. तेवढा चेंडू द्या बाई, पण त्याच्या हातात नको, माझ्याकडे द्या.