आपल्या रिकाम्या कंसास साष्टांग नमस्कार

मा. प्रोग्रॅमर महोदय, मु. पो. रोहा, यांस


पेणजवळ हमरापूरला आमच्या काकांचा गणपतीचा कारखाना आहे. त्याची जी वेबसाइट आपण बांधून दिलीत, तिचा कारभार हल्ली माझ्याकडे आलाय. कोड वाचला, धन्य झालो. 'टेम्प', 'टेम्प_नवा', 'टेम्प_शेवटचा' या नावांबद्दल माझं काही म्हणणं नाही. जागोजाग पेरलेल्या कन्सोल.लॉग('इथे आला') बद्दलही नाही. कोण आला ते कळत नाही, पण कोणीतरी आल्याचा आनंद असतोच.

तक्रार आहे ती रिकाम्या कंसाची. ट्राय म्हणजे करून बघ, कॅच म्हणजे फसलं तर झेल. आपण झेललंत आणि महिरपी कंसात एक अक्षर लिहिलं नाहीत. पुढच्याच ओळीला मात्र हिरव्या रंगात, 'ऑर्डर मिळाली! गणपती बाप्पा मोरया!'

पिनकोड सहा आकडीच असतो ही आपली श्रद्धा. टोरांटोच्या एका ताईंच्या पिनकोडात अक्षरं होती. कॅनडात असतातच. फॉर्म आतल्या आत कोसळला, बाहेर मोरया झाला, ताई निर्धास्त! गणपतींचा कंटेनर बंदरातून सुटल्यावर त्यांचा फोन आला, "आमची मूर्ती निघाली ना हो?" काकांनी वही तीनदा चाळली. नावच नाही.

मी कंसात कन्सोल.एरर लिहिलं, साइट पुन्हा चढवली, तोच पिनकोड टाकला. कन्सोल कोरं करकरीत. दोन रात्री गेल्या तेव्हा सापडलं, की बिल्डच्या वेळी कोड आवळणाऱ्या टर्सरमध्ये आपण 'ड्रॉप_कन्सोल' चालू ठेवलंय. ते लॉगबरोबर वॉर्न आणि एररही छाटतं. अहो, लेव्हल नावाची सोय असते. घरी डीबग दिसू द्या, गिऱ्हाइकापुढे फक्त एरर. आपण जीभच कापलीत.

अरे, कारखान्यातला नवखा पोरगासुद्धा साच्यातून निघालेल्या मूर्तीला चीर दिसली की पेन्सिलीने गोल काढून ती बाजूला ठेवतो. वर रंग फासून पुढे सरकवत नाही!

परवा भांडायचंच म्हणून मेमूने रोह्याला आलो. नागोठणं येईपर्यंत वाक्यंही पाठ झाली होती. तू धाटावच्या कंपनीतून रात्रपाळी करून नुकताच आला होतास. चहा टाकलास. म्हणालास, तिथे कंट्रोल रूममध्ये अलार्म वाजला की रजिस्टरात वेळ लिहून सही करावी लागते, त्याशिवाय गप्प करता येत नाही. मग कप खाली ठेवून हळूच म्हणालास, "कन्सोलमधली लाल अक्षरं काढ, गिऱ्हाईक घाबरतं, असं काकाच म्हणाले होते. आणि शेवटचा हप्ता अजून यायचाय."

पाठ केलेल्यातलं एकही वाक्य बोललो नाही.

घरी येऊन काकांना विचारलं. ते मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करत होते. मान वर केली नाही.

कॅचच्या कंसात आता चूक कधी आणि का झाली ते नोंदलं जातं. गिऱ्हाइकाचा पत्ता तेवढा नोंदीत जात नाही. हिरवी ओळ ट्रायच्या कंसात, ऑर्डर खरंच पोचल्यावरच उमटते. हप्ता मी काकांकडून काढून देतो. तू फक्त डोमेनचा पासवर्ड कळव. डोमेनची मुदत चतुर्थीच्या आदल्या दिवशी संपते.

आपला,
टेम्प_शेवटचा