नंबर सुटला, मापं अडकली

आमच्या भागात ब्लाऊज शिवणाऱ्या एक ताई आहेत. इतकी वर्षं अँड्रॉइड वापरलं, आणि गेल्या दिवाळीत भाच्यानं दुबईहून आयफोन आणून दिला. दुकानातल्या मुलानं अर्ध्या तासात तो सुरू करून हातात ठेवला. फोनबुक आलं. व्हॉट्सॲप उघडलं, तर पाटी कोरी.

त्या व्हॉट्सॲपमध्ये ताईंचा धंदा होता. कुणाचा मुंढा किती, बाही किती, मागचा गळा केवढा खोल, अस्तर लावायचं की नाही, सगळं गिऱ्हाइकांनी बोलून पाठवलेलं. मापांची वही त्यांनी केव्हाच बंद केली होती. "दादा, बॅकअप घेतलाय म्हणाला होता हो तो," त्या सांगत होत्या. मुलगा खोटं बोलला नव्हता. बॅकअप होता, पण गुगल ड्राइव्हवर. आयफोनमधलं व्हॉट्सॲप आयक्लाऊडवरचा बॅकअप उचलतं, ड्राइव्हवरच्याला हात लावत नाही. ॲप तेच, नंबर तोच, बाई तीच. तरी मधे भिंत.

भिंतीला २०२२पासून एक दार आहे. ॲपलचं 'मूव्ह टू आयओएस' हे ॲप जुन्या अँड्रॉइडवर टाकायचं आणि नव्या आयफोनची पहिली मांडणी चालू असतानाच त्यातून व्हॉट्सॲप पलीकडे न्यायचं. मांडणी उरकली की दार बंद. मग आयफोन पुसून पहिल्यापासून सुरुवात. ही अट खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेली असायला हवी, कारण माणसाला ती कळते तेव्हा उशीर झालेला असतो, आणि तोवर जुना फोन एक्स्चेंजमध्ये गेला असेल तर काहीच उरत नाही. ताईंचा जुना फोन घरात होता, म्हणून वाचल्या.

हे तंत्राला झेपत नाही, असं कुणी सांगितलं तर मानू नका. फोनबुक सहज आलं ना? नाव-नंबराची फाइल कशी लिहायची याचा व्हीकार्ड नावाचा सामाईक नमुना १९९०च्या दशकातच ठरला, तो आजही सगळे फोन वाचतात. कॅलेंडरचंही तसंच. जिथे कंपन्यांनी एकत्र बसून ठरवलं, तिथे काम झालं. गिऱ्हाईक धरून ठेवण्यात फायदा दिसला, तिथे ठरवलंच नाही.

कॉम्प्युटरपाशी हाच त्रास. नव्या फोननं काढलेले डिझाइनचे फोटो ताईंना झेरॉक्सवाल्याकडे छापायचे होते. केबल लावली, कॉपी सुरू केली, निम्म्यावर बंद पडली. कारण आयफोन २०१७पासून फोटो एचइआयसी या आटोपशीर नमुन्यात साठवतो आणि विंडोजला देताना वाटेतच जेपीजी करून देतो. त्या बदलात गाडी अडते. फोटोंच्या सेटिंगमध्ये 'कीप ओरिजिनल्स' केलं की कॉपी पुरी होते, पण मग झेरॉक्सवाल्याचा जुना कॉम्प्युटर ती फाइल उघडत नाही. कॅमेऱ्याच्या फॉरमॅट्समध्ये आधीच 'मोस्ट कंपॅटिबल' निवडा, पुढचे सगळे फोटो सरळ जेपीजी निघतील. शिवणकाम करणाऱ्या बाईनं हे कुठून शोधायचं?

आपल्याकडे एक मोठी गोष्ट घडली होती. २० जानेवारी २०११ला देशभर नंबर पोर्टिंग सुरू झालं. १९००वर एक एसएमएस, आणि कंपनी बदलली तरी नंबर आपलाच. कंपन्यांनी मनानं दिलं नाही, सरकारनं लावून दिलं. स्वतःची माहिती उचलून दुसरीकडे नेण्याचा हक्क युरोपनं २०१८मध्ये कायद्यानं लागू केला. त्याच वर्षी न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीच्या मसुद्यात तो आपल्यालाही लिहून दिलेला होता. २०१९च्या विधेयकातही होता. २०२२च्या मसुद्यातून तो गळला, आणि २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात तो नाही. हा हक्क परत आला पाहिजे. कायद्यात एक ओळ आली म्हणून व्हॉट्सॲप दुसऱ्या दिवशी मोकळं होणार नाही, पण भांडायला पायाखाली जमीन तरी येईल. आज ताईंच्या हातात तक्रार करायला एक कलमही नाही.

आम्ही आयफोन पुसला. शिलाई मशीनच्या टेबलावर दोन्ही फोन चार्जरला लावले, एकाच वायफायवर घेतले, यादीत व्हॉट्सॲपवर खूण केली की नाही ते तीनदा पाहिलं. दीड तास ताई उठल्या नाहीत, चहासुद्धा तिथेच. मग त्यांनी एक चॅट उघडून आवाजाचं बटण दाबलं. "मुंढा सोळा, बाही साडेअकरा, आणि ताई, मागून नाडी लावा." ताईंनी कानावरची पेन्सिल काढली आणि कागद पुढे ओढला.