साम्राज्यवाद मुर्दाबाद, बोली पौंडांत!

अहो, ऐकलंत का? माओच्या काळातली चिनी पोस्टरं म्हणे शौकिनांच्या दिवाणखान्यात लागतात! तीही कुठली, तर व्हिएतनाम, काँगो, पनामा यांच्या मुक्तिलढ्यांना पाठिंबा देणारी. ज्या चित्रात भांडवलशहाला बुटाखाली चिरडलंय, त्यावर लंडनच्या लिलावात पौंडांनी बोली लागते. शिव शिव!

एकेकाळी हीच चित्रं चीनमधल्या सरकारी शिन्हुआच्या पुस्तकदुकानांत किरकोळ पैशांत मिळायची. माओनं निवेदन काढायचा अवकाश, की छापखाने धडधडू लागायचे. ऑगस्ट १९६३मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय, जानेवारी १९६४मध्ये पनामा, नोव्हेंबरात काँगो. जगात कुठेही ठिणगी पडो, पाठिंबा तयार! चित्रातले सगळे कसे धट्टेकट्टे, रुंद जबड्याचे, बंदूक उंचावलेले. अमेरिकन शिपाई मात्र झुरळाएवढा. आणि बऱ्याच चित्रांत मधोमध, एक पाऊल पुढे कोण? चिनी भाऊ! पाहुण्यांच्या लग्नात स्वतःच बोहल्यावर.

खरी चहाडी पुढेच आहे. पोस्टरांवर ज्याला जगातून हाकलायचं होतं, त्या अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन फेब्रुवारी १९७२मध्ये बीजिंगला आले आणि थेट माओंच्या भेटीला गेले. व्हिएतनामचं युद्ध तेव्हा चालूच होतं हो! १९७५मध्ये अंगोलात तर चीन आणि अमेरिकेची गुप्तहेर संस्था सीआयए एकाच गटाच्या पाठीशी. कहर झाला १९७९ला. फेब्रुवारीच्या सुरुवातीला चीनचे नेते डेंग शियाओपिंग अमेरिकेत, टेक्सासात काउबॉय हॅट घालून मिरवले, घरी परतले आणि १७ तारखेला चिनी फौजा व्हिएतनाममध्ये घुसल्या. ज्याच्यासाठी भिंती रंगवल्या, त्याच्याच घरावर चालून गेले. पोस्टर रंगवणाऱ्या बिचाऱ्यांना काय वाटलं असेल?

तरी चित्रं झोकदार आहेत, हे नाकारून चालणार नाही. तो लाल रंग काय, त्या तिरक्या रेषा काय! म्हणून तर शांघायच्या यांग पेइमिंग यांनी, लोक रद्दीत काढत होते तेव्हा, ती हजारोंनी जमवली आणि एका रहिवासी इमारतीच्या तळघरात त्यांचं संग्रहालय थाटलं.

तुम्हालाही मोह झालाच, तर सांभाळून. बाजारात नकला उदंड. खालच्या समासात प्रकाशकाचं नाव, साल आणि छापील किंमत आहे का, बघा. आणि चीन-व्हिएतनाम मैत्रीच्या पोस्टरवर १९७९ साल दिसलं, तर पाकीट उघडूच नका.