किल्ली कंपनीकडे

एखादी वस्तू कामातून गेली, हे छत्रपती संभाजीनगरच्या शहागंजात घरबसल्या ठरवता येत नाही. आधी ती तिथल्या चमन बागेच्या आसपास चार टपऱ्यांवर दाखवावी लागते. पहिला म्हणतो, "नहीं बनता साब." दुसरा म्हणतो, "छोड के जाव." तिसरा ती आधी कोणी उघडली होती ते ओळखतो आणि त्याच्या उस्तादाचा उद्धार करतो. चौथा तीच वस्तू पन्नास रुपयांत चालू करून देतो आणि वर "इसमें कुछ था ही नहीं" असं म्हणून चारचौघांत आपली लाज काढतो. मिक्सर असो, शिलाई मशीन असो, इस्त्री असो. मालक कंटाळल्याशिवाय या रस्त्यावर वस्तू मरत नाही.

हल्ली मात्र हे चौघेही हात टेकताना दिसतात. नवी वस्तू उलटी करतात, नखाने कडा चाचपतात आणि परत देतात. तिला स्क्रूच नसतो. सगळं गमने चिकटवलेलं. आत शिरायचं तर तापवा, कापा, आणि मग पुन्हा बंद होईल याची खात्री नाही. हिला म्हणायचं हुशार वस्तू.

या जिल्ह्याला इलेक्ट्रॉनिक्स काही परकं नाही. पैठण रस्त्यावर चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना उभा राहिला आणि रंगीत टीव्ही ही मुंबईहून येणारी चीज न राहता आपल्या गावाकडून देशभर जाणारी चीज झाली. त्या टीव्हीचं मागचं झाकण उघडणं हा घरगुती सोहळा असायचा. मेकॅनिक खाली बसायचा, कथील वितळल्याचा वास सुटायचा, पोरं कोंडाळं करून आत काय दिसतं ते पाहायची. धूळ, एक झुरळ आणि भरपूर तारा दिसायच्या. पण दिसायच्या. टीव्हीच्या पोटात काय आहे हे ठाऊक असलेली ती शेवटची पिढी. पुढे २०१८ साली कंपनीच दिवाळखोरीच्या कोर्टात गेली. घेणेकऱ्यांचे दावे ६५ हजार कोटींच्या घरात आणि तिच्यासाठी मंजूर झालेली बोली तीन हजार कोटींहूनही कमी. ती बोलीसुद्धा पुढे अपिलात टिकली नाही. तिचे टीव्ही मात्र पन्नास रुपयांत दुरुस्त होत होते.

टीव्हीनंतर आपल्या खिशात फोन आला. २००३ सालचा नोकिया ११०० हातातून निसटला की झाकण एकीकडे, बॅटरी दुसरीकडे आणि फोन गटाराकडे जायचा. तिन्ही गोळा करून अंगठ्याने दाबले की पुन्हा 'हॅलो'. असे पंचवीस कोटी फोन खपले म्हणतात, आणि बॅटरी बदलायला त्यातल्या एकालाही सर्व्हिस सेंटरची अपॉइंटमेंट लागली नाही. आज युरोपने कायदा केलाय की फेब्रुवारी २०२७ पासून फोनची बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता आली पाहिजे. पळवाटा आहेतच. पण जी गोष्ट वीस वर्षांपूर्वी शहागंजातला भाजीवाला एका हाताने करायचा, दुसऱ्या हाताने मेथीची जुडी बांधत, तिच्यासाठी सत्तावीस देशांना कायदा करावा लागला, याला प्रगती म्हणतात.

मधल्या काळातली प्रगतीही पाहण्यासारखी आहे. २०१६ साली ॲपलने फोनचं हेडफोनचं भोक बुजवलं आणि मंचावर त्याला 'धैर्य' म्हटलं. २०२० साली खोक्यातून चार्जर काढला, कारण पर्यावरण. सॅमसंगने त्याची टिंगल केली आणि पुढच्या काही महिन्यांतच आपल्याही खोक्यातून चार्जर काढला. पर्यावरण असं वाचलं की ग्राहकाने चार्जर वेगळा घेतला, वेगळ्या खोक्यात. त्याआधी, डिसेंबर २०१७ मध्ये, बॅटरी जुनी झाली की आम्ही फोनचा वेग कमी करतो, अशी कबुलीही ॲपलने दिली होती. फोन अचानक बंद पडू नये म्हणून, काळजीपोटी. फ्रान्सने ही काळजी ग्राहकांना न सांगितल्याबद्दल अडीच कोटी युरोंचा दंड केला. आपल्याकडे फोन हळू चालायला लागला तर आपण सुनेने पाठवलेल्या 'गुड मॉर्निंग'च्या फुलांना दोष देतो.

ही कला आजची नाही. १९२४ साली जिनिव्हात बल्ब बनवणाऱ्या बड्या कंपन्या एकत्र बसल्या आणि बल्बने हजार तासांवर जळू नये असं ठरवलं. ज्याचा बल्ब जास्त टिकेल त्याला दंड! इकडे कॅलिफोर्नियात लिव्हरमोर नावाच्या गावी अग्निशमन दलात १९०१ साली लावलेला एक बल्ब अजून मिणमिणतोय. त्याला बिचाऱ्याला ठराव कळवायचा राहिला असावा.

पण बल्बवाले तरी प्रामाणिक होते. बल्ब एकदा विकला की तो तुमचा. जळाला तर तुमच्याच घरात जळायचा. सॉफ्टवेअरवाल्यांनी पुढची पायरी गाठली. वस्तू तुमच्या घरात, हप्ता तुमच्या पगारातून, धूळ तुम्ही पुसायची, आणि किल्ली मात्र त्यांच्याकडे. २००९ साली ॲमेझॉनने ग्राहकांनी पैसे मोजून घेतलेली पुस्तकं किंडलमधून परस्पर पुसून टाकली. त्यात एक पुस्तक ऑर्वेलचं '१९८४' होतं. असं काही मी रचून लिहिलं असतं तर संपादकांनी 'फार ओढून ताणून' म्हणून कापलं असतं. ह्यूमेन नावाच्या कंपनीने २०२४ साली छातीवर लावायचा सातशे डॉलरचा एआय बिल्ला काढला. वर्ष व्हायच्या आत कंपनीचा माल-मसाला एचपीला विकला गेला आणि २८ फेब्रुवारी २०२५ ला कंपनीने आपला सर्व्हर बंद केला. सातशे डॉलरचा बिल्ला तेव्हापासून बिल्लाच आहे.

आता शहागंजच्या घड्याळाचं बघा. निजामाच्या राजवटीतला मनोरा, कित्येक वर्षं मुका. स्मार्ट सिटीच्या कामात त्याची डागडुजी झाली. नशीब म्हणायचं की ते काम गवंड्यांकडे गेलं. एखाद्या स्टार्टअपकडे गेलं असतं तर त्याचं नाव 'शहागंज टॉवर प्रो' झालं असतं. तासकाटा सर्वांना मोफत, मिनिटकाटा फक्त प्रीमियम ग्राहकांना. दुपारी बाराचे ठोके ऐकायचे तर आधी लॉगिन, मग ओटीपी. ओटीपी येईपर्यंत साडेबारा. सातव्या ठोक्यानंतर पाच सेकंदांची जाहिरात, ती चुकवता येणार नाही. घड्याळाकडे वर पाहिलंत की तुम्ही 'मी सर्व अटी मान्य करतो' म्हणालात, असं समजलं जाईल. कोण किती वेळा वर पाहतो याची नोंद भागीदार कंपन्यांना मिळेल, म्हणजे सिटी बसची वाट पाहत तीनदा मान वर केलीत की संध्याकाळपर्यंत दुचाकीच्या कर्जाचा मेसेज. रात्री अपडेट. सकाळी दोन्ही काटे गायब, आणि तबकडीवर 'नव्वद टक्के पूर्ण, कृपया मनोरा बंद करू नका'. तक्रार केलीत तर चॅटबॉट नम्रपणे विचारणार, 'तुम्हाला वेळ विकत घ्यायची आहे का?' तीन वर्षांनी पत्र येईल: या मनोऱ्याला यापुढे सपोर्ट मिळणार नाही. जुना मनोरा आणून द्या, नव्यावर बाराशे रुपये सूट. मनोऱ्याला ओरखडे नसावेत.

माझा भाचा हिंजवडीत नोकरीला आहे. या शहरातल्या प्रत्येक मामाचा एक भाचा हिंजवडीत असतोच. तो दिवाळीला आला तेव्हा हा मनोरा त्याला ऐकवला. तो हसला नाही. त्याने 'फीचर' म्हणून दोन गोष्टी वाढवून दिल्या. मग मला समजावलं. "मामा, तुम्ही एकदा वस्तू घेतली की दहा वर्षं तोंड दाखवत नाही. कंपनीने त्या दहा वर्षांत खायचं काय? महिन्याला पैसे येत राहिले तर गुंतवणूकदाराला आकडा दिसतो." मुद्दा खरा होता. २०१३ साली अडोबीने आपली सॉफ्टवेअरं खोक्यात घालून विकणं थांबवायचं ठरवलं आणि महिन्याचं भाडं लावलं. बाकीच्यांनी कित्ता गिरवला. बीएमडब्ल्यूने तर काही देशांत गाडीची सीट गरम करायला महिन्याचं भाडं ठेवून पाहिलं. तार सीटमध्ये आधीच बसवलेली, पैसे फक्त ती चालू होऊ देण्याचे. लोक खवळले तेव्हा बेत सोडून दिला. आपल्याकडे मे महिन्यात सीट फुकट गरम मिळते, म्हणून आपण या क्रांतीत मागे राहिलो.

याच भाच्याने आईला, म्हणजे माझ्या बहिणीला, वायफायवालं वॉशिंग मशीन घेऊन दिलं. ते फोनवर मेसेज पाठवतं: 'आज धुण्यासाठी उत्तम दिवस आहे.' या शहरात धुण्यासाठी उत्तम दिवस कोणता, हे फक्त एका माणसाला ठाऊक असतं, आणि तो म्हणजे गल्लीतला व्हॉल्व्ह फिरवणारा महापालिकेचा कर्मचारी. जायकवाडीचं धरण भरलेलं असलं तरी नळाला पाणी कित्येक दिवसांनी येतं. नवी पाणी योजना सोळाशे ऐंशी कोटींवरून दोन हजार सातशे चाळीस कोटींवर गेली, तरी मशीन ॲपवरून आशा दाखवतच होतं. शेवटी बहिणीने मशीनचं वायफाय बंद केलं आणि व्हॉल्व्हवाल्याचा नंबर सेव्ह केला. तो उचलतोसुद्धा.

या सगळ्यात एकच माणूस शहाणा निघाला. गुलमंडीच्या बाजूला लग्नपत्रिका जुळवणारा एक डीटीपीवाला आहे. त्याच्याकडे विंडोज एक्सपीचा डबा आहे, त्यात पेजमेकर, आणि जुने मराठी फॉन्ट. मायक्रोसॉफ्टने एक्सपीची सेवा एप्रिल २०१४ मध्ये थांबवली. पेजमेकरचा विकास त्याच्याही दहा वर्षं आधी थांबला. त्या फॉन्टात जुळवलेला मजकूर दुसरीकडे नेला की 'शुभविवाह'चं इंग्रजी अक्षरांचं भरीत होतं, त्यामुळे डबा सोडता येत नाही. पण त्याने डब्याला इंटरनेटच जोडलेलं नाही. ना अपडेट, ना अटी, ना 'तुमचा प्लॅन संपत आहे'. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक नावाच्या कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातले पंचाऐंशी लाख संगणक निळे पडले, विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहिण्याची पाळी आली. गुलमंडीत त्या दिवशी पत्रिका वेळेवर निघाल्या. चि. आणि चि.सौ.कां. यांचं काही अडलं नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० ला निवृत्त केल्याची बातमी त्याला सांगितली, तर म्हणाला, "दहा आलं होतं का?"

सरकारचं लक्ष नाही, असं नाही. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच डिसेंबरात एक पोर्टल सुरू केलं. तिथे कंपन्यांची माहिती, दुरुस्तीच्या सूचना वगैरे एका जागी मिळाव्यात असा हेतू. हेतू उत्तम. फक्त बिघडलेल्या फोनचा हक्क मिळवायला वेबसाइट उघडावी लागते, आणि वेबसाइट उघडायला न बिघडलेला फोन लागतो. वस्तू दुरुस्तीला किती सोपी याचे गुण खोक्यावर छापावेत, अशीही सूचना पुढे आली आहे. ते गुण आले की शहागंजातल्या त्या चौथ्या टपरीवाल्याला परीक्षक नेमावं. तो सगळ्यांना पास करील, पण आधी कंपनीच्या उस्तादाचा उद्धार करून.

तोवर पैठण गेट आहेच. मोबाइलचं जे काही आहे ते तिथे. पडदा बदलून मिळतो, बॅटरी मिळते, 'ओरिजनल', 'ओरिजनल जैसा' आणि 'चायना' अशा तीन प्रतींत. आयफोनचा पडदा बाहेर बसवला तर फोन आपल्याच सेटिंगमध्ये 'अनोळखी भाग' अशी नोंद करून ठेवतो; लग्न होऊन वर्षं लोटली तरी नव्या सुनेकडे बोट दाखवून 'ही कोणाकडची?' विचारणाऱ्या आत्याबाईसारखा. दुकानदाराला त्याची पर्वा नसते. "मेसेज आता है, आने दो."

गेल्या आठवड्यात तिथे एक फोन घेऊन गेलो. पोराने मागचं झाकण तापवून अलगद उघडलं, भिंगाखाली धरलं, म्हणाला, चार्जिंगची लाइन तुटलीय, काम होईल. मग संगणकाकडे वळला. बोर्डवर कुठली तार कुठे जाते याचे नकाशे हल्ली सॉफ्टवेअरमध्ये मिळतात आणि सगळे रिपेअरवाले ते वापरतात. त्याने दोनदा क्लिक केलं, पडद्याकडे पाहिलं आणि फोन झाकणासकट पिशवीत घालून माझ्या हातात दिला.

"काय झालं?"

"नकाशे का रिचार्ज खतम हो गया, अंकल. सेठ पैसे भरेंगे तो खुलेगा. कल आव."