जळकोटातील सोल्डरिंग स्टेशनांची तौलनिक मीमांसा

धातूची दोन टोके बहुधा कथील आणि शिसे यांच्या वितळलेल्या मिश्रणाने एकमेकांस कायमची जोडणे, या क्रियेस झाळणे किंवा सोल्डरिंग असे म्हणतात. ती जोडणी कायमची नव्हती हे आठवड्याभरात उघड झाल्यावर ग्राहक जे म्हणतो, ते शास्त्रीय ग्रंथांत नमूद करण्याची प्रथा नाही. या कामाच्या साधनांचे दोन मुख्य वर्ग पडतात. पहिला साध्या आयर्नचा, जे थेट प्लगला जोडले जाते आणि आपण किती तापलो आहोत याची ज्यास कसलीही जाणीव नसते. दुसरा सोल्डरिंग स्टेशनचा, म्हणजे टोकाचे तापमान सतत मोजून त्यानुसार वीज कमी-जास्त करणाऱ्या पेटीचा. लातूर जिल्ह्याच्या कडेला, नांदेडच्या हद्दीलगत वसलेल्या जळकोटात या दोहोंची तुलना करताना जपानी किंवा युरोपीय निकष जसेच्या तसे चालत नाहीत, कारण त्या निकषांत भिंतीतून येणारी वीज गृहीत धरलेली असते, आणि गृहीत धरण्याजोग्या गोष्टींत विजेचा समावेश करण्याइतका भाबडेपणा या भागात उरलेला नाही.

साध्या आयर्नची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. संध्याकाळी गावभरचा भार वाढून २३० व्होल्टचे १८० झाले, की सोल्ड्रॉनसारख्या देशी बनावटीचे २५ वॅटचे आयर्न कोणासही न कळवता सुमारे १५ वॅटचे होते. कथील ६३ आणि शिसे ३७ टक्के असलेले मिश्रण १८३ अंश सेल्सिअसला वितळते, तर शिसेविरहित मिश्रणास २१७ अंशांच्या पुढे जावे लागते. त्यामुळे अशा संध्याकाळी सोल्डर वितळण्याऐवजी पिठूळ होऊन बसते, कारागीर सोल्डरच्या तारेस भेसळीची ठरवतो आणि तार विकणारा कारागिराच्या हातास दोष देतो. आयर्नवर कोणीच संशय घेत नाही, कारण ते तापलेले आहे हे बोटाला चटका बसून सर्वांसमक्ष सिद्ध झालेले असते.

स्टेशन ही अडचण बऱ्याच अंशी दूर करते, कारण त्याच्याकडे साठ-सत्तर वॅटची शिल्लक ताकद असते आणि व्होल्टेज उतरले तरी तापमान टिकवण्यास ती सहसा पुरते. तथापि दर्शनी भागावर चमकणारा ३५० हा आकडा म्हणजेच कामगिरी, ही समजूत चुकीची होय. तो आकडा टोक मोकळे असतानाचा असतो. खरी परीक्षा टोक इन्व्हर्टरच्या सर्किट प्लेटवरील जाड तांब्यास लागल्यावर सुरू होते. पातळ तव्यावर ओली भाकरी पडताच तवा गार पडतो आणि जाड तव्यास तिची दखलही नसते, तसाच हा फरक आहे.

या परीक्षेत मूळ रचना महत्त्वाची ठरते. हाक्को या जपानी कंपनीच्या ९३६ या प्रसिद्ध स्टेशनात तापवणारा भाग आणि बिट, म्हणजे झाळणारे टोक, वेगवेगळे असून त्यांच्यामध्ये हवेची बारीक फट राहते, त्यामुळे टोक गार पडल्याची बातमी आत उशिरा पोहोचते. हाक्कोने ९३६ चे उत्पादन थांबवले; नकला करणाऱ्यांनी मात्र ते थांबवले नाही, म्हणून हैदराबादच्या कोठी भागातून हजार-दोन हजारांत आणलेली पेटी बहुधा त्याच घराण्यातील असते. टी१२ या प्रकारात तापवणारी तार, तापमापक आणि टोक एकाच कांडीत असल्याने बातमी लगेच पोहोचते. स्पेनच्या जेबीसीची कांडी तर काही सेकंदांतच कामास तयार होते, परंतु त्या स्टेशनच्या किमतीत जळकोटातील एखाद्या दुकानाचे सगळे फर्निचर होऊ शकते.

वापरणाऱ्याचा स्वभाव हा घटक तुलनेच्या कोष्टकांत कधीच आढळत नाही. ९३६ चे बटण ४८० अंशांपर्यंत फिरते, आणि जे फिरते ते शेवटपर्यंत फिरवावे असे मानवास मुळातच वाटते. परिणामी सोल्डरच्या तारेतील राळ जळते, बिट काळे पडते आणि प्लेटवरील तांब्याचा ट्रॅक उखडून वर येतो. जुनी तांब्याची बिटे कथिलात झिजत असल्याने त्यांना कानस मारणे योग्यच होते. आजच्या बिटावर लोखंडाचा मुलामा असतो, तरीही उस्ताद परंपरेचा मान राखून त्यावर कानस चालवतो आणि मग कंपनीच्या घसरत्या दर्जाबद्दल हळहळतो. टोकावर चुकार वीज राहू नये म्हणून स्टेशनास अर्थिंग लागते; त्यासाठी प्लगच्या वरच्या बाजूस एक मोठे छिद्र ठेवलेले असते, ज्यामागे तार जोडलेली असल्यास तो दुकानमालकाचा मोठेपणा समजावा.

वीज पूर्ण गेल्यावर टीएस१०० किंवा पाइनसिलसारखे पेनाएवढे आयर्न सर्वांवर मात करते. टीएस१०० हे १२ व्होल्टवर सुमारे १७ आणि २४ व्होल्टवर ६५ वॅट देते, आणि फवारणीच्या चार्जिंग पंपात १२ व्होल्टचीच बॅटरी असते. म्हणजे दुरुस्तीस आलेला पंप स्वतःच्या दुरुस्तीची वीज स्वतःच पुरवतो, आणि बॅटरी उतरलेली निघाल्यास बिघाडाचे निदानही आपोआप होते.

सारांश, घरातील सुटलेली एखादी तार जोडण्यास २५ वॅटचे साधे आयर्न पुरेसे आहे. रोज मिक्सर आणि पंप उघडणाऱ्याने ९३६ ची बरी नक्कल घेऊन अर्थिंग करून घ्यावे. मोबाइल दुरुस्त करणाऱ्याने टी१२ घ्यावे. आणि कोणीही उरलेले पैसे आकड्यांच्या मोठ्या पडद्यावर न घालवता चांगल्या ६३:३७ तारेत व दोन जास्तीच्या बिटांत गुंतवावेत. स्टेशन घरपोच मागवणाऱ्याने पत्त्यात तालुका आणि जिल्हा ठळक लिहावा, कारण तुळजापूर तालुक्यातही एक जळकोट आहे आणि तेथील कारागिरांनाही स्टेशन हवेच आहे.