मुद्द्याचे नाना

भोर-वेल्ह्याकडच्या कुठल्याही गावात जा, ग्रामसभेला एक नाना असतातच. कुठे त्यांना तात्या म्हणतात, कुठे अण्णा. खिशाला दोन पेनं, काखेत प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत 1958 चा ग्रामपंचायत अधिनियम, मागच्या सभेच्या इतिवृत्ताची नक्कल आणि माहिती अधिकाराच्या अर्जांच्या पोचपावत्या. तालुक्याचं नाव राजगड झालं तरी आमचे नाना बोलताना वेल्हेच म्हणतात. अर्जावर मात्र न चुकता ‘तालुका राजगड’. "अर्ज फेटाळायला निमित्त द्यायचं नाही."

सभा दहाची असली की नाना साडेनऊला सतरंजीवर. त्यांना पाहिलं की भाऊसाहेब, म्हणजे पूर्वीचे ग्रामसेवक, आताचे ग्रामपंचायत अधिकारी, आधी घोटभर पाणी पितात. नाना डोकी मोजत असतात. गणपूर्तीला मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांत कमी असेल तेवढी माणसं लागतात. पण निम्मं गाव पुण्यात, धनकवडी-कात्रजला. मतदानाला त्यांना आणायला गाड्या जातात. ग्रामसभेसाठी डिझेल कोण घालणार? सभा तहकूब. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही हे सगळ्यांना पाठ, म्हणून पुढच्या खेपेला आणखी कमी येतात. नाना दोन्हीकडे हजर.

यात्रेच्या बैठकीला मात्र नोटीस लागत नाही की दवंडी. तमाशाची सुपारी कुणाला द्यायची यावर गाव मध्यरात्रीपर्यंत भांडतं. "तमाशा एका रात्रीचा, नळयोजना जन्माची. आणि वेळ कुणाला जास्त?" असं नाना विचारतात, आणि तमाशाच्या बाबतीतही स्वतःचं मत देऊनच उठतात.

"अध्यक्ष महोदया, माझा मुद्दा छोटा आहे," हे वाक्य आलं की मागचे लोक चपला शोधायला लागतात. छोट्या मुद्द्याला अ, ब, क, ड असे पोटमुद्दे. काम बंधित निधीतलं की अबंधित? अंदाजपत्रक फळ्यावर का नाही? प्रत्येक उत्तरानंतर, "इतिवृत्तात नोंद घ्या." चहा आला तरी नोंद घ्या, चहा आला नाही तरी घ्या.

सरपंच बाई आहेत. प्रश्न आला की उत्तर शेजारच्या खुर्चीतून त्यांचे यजमान देतात. नाना हात जोडतात, "पाहुणे, तुम्ही मतदार म्हणून इकडं सतरंजीवर या. ताई सांगतील." ताई आधी अडखळल्या, आता नानांनाच मध्येच थांबवतात.

एकदा एक पोरगा तावातावाने उठला, "सगळे पैसे खाल्ले!" टाळ्या पडल्या. नानांनी वळून विचारलं, "कुणी? कुठल्या कामातले? नमुना पाच बघितलास?" पोरगा गप्प. "सोमवारी माझ्यासंगं ये, रोकडवही बघू. त्यात घोळ निघाला तर तू ओरड, मी पण ओरडतो." पोरगा सोमवारी गेला. आता त्याच्याही काखेत पिशवी दिसते. भाऊसाहेबांनी बदलीचा अर्ज केल्याचं ऐकतो.

ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते. ती घरोघर सह्या फिरवून उरकू नये म्हणून अर्ज नानांनीच केले होते. यंदा ती खरोखर भरली. बायकांनी ठराव केला, पाणीपट्टीच्या थकबाकीदारांची नावं ग्रामसभेत मोठ्याने वाचावीत. ठराव मांडला होता नानांच्याच बायकोनं, म्हणजे आमच्या काकूंनी.

भाऊसाहेबांनी यादी त्या दिवशी फार स्पष्ट आवाजात वाचली. तिसरं नाव नानांचं. नळाला पाणी नाही तर पट्टी कशाची, म्हणून त्यांनी ती तत्त्वाने अडवली होती. सभा खदखदून हसली.

नाना उठले. "अध्यक्ष महोदया, थकबाकी मान्य. इतिवृत्तात नोंद घ्या. ठराव मांडणाऱ्या बाईंचं नाव नीट लिहा, अमक्यांची मंडळी असं नको. आणि न भरण्याचं कारण सांगायला मला वेळ द्या. कारण छोटंच आहे."