पुढच्या सीझनचे शेठ

पुढच्या सीझनचे शेठ या सीझनला दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर असतात. देवगड तालुक्यात असे गृहस्थ वाडीगणिक एक तरी सापडतात. वय पस्तीस ते पंचेचाळीस. शर्टाच्या खिशात लायसन, पेन आणि वाशीच्या दलालाची एखादी जुनी हिशोबाची पट्टी, आणि पट्टीच्या कोऱ्या बाजूला गणित. हौद्यात हापूसच्या पेट्या चढत असताना हे हमालांपेक्षा मोठ्याने मोजतात. एका खेपेला किती पेट्या, पेटीमागे भाडे किती, डिझेल किती, टोल किती, उरले किती. उरलेले शेठच्या खात्यात जाते आणि आपल्या हातावर पगार नि भत्ता येतो, ही गोष्ट चारशेहून जास्त किलोमीटर, रात्रभर, शेजारी क्लिनर घोरत असताना विचार करण्यासारखीच आहे. नांदगाव तिठ्यापर्यंत नुसता राग असतो. चिपळूणपर्यंत त्याचा हिशोब होतो. पनवेल येईस्तोवर गाडीच्या कपाळावर ‘श्री कुणकेश्वर प्रसन्न’ लिहायचे की ‘आईचा आशीर्वाद’, एवढाच प्रश्न शिल्लक राहतो. मग वाशीच्या फळबाजारात गाडी लागते, वाराईवरून, म्हणजे माल उतरवायच्या मजुरीवरून, बाचाबाची होते आणि ‘पुढच्या सिजनाक मी माझी गाडी घालतलंय’ अशी घोषणा चहाच्या टपरीवर होते. ऐकणाऱ्यांना घोषणा नवी नसते, पण चहा घोषणा करणाऱ्याकडूनच मिळणार असल्यामुळे कोणी हसत नाही.

या माणसाला वेड्यात काढणे सोपे आहे आणि चुकीचे आहे. गाडीतले त्याला बँकेच्या मॅनेजरपेक्षा नक्कीच जास्त कळते. पाटा कुठे तुटणार, कोणत्या पंपावरचे डिझेल बरे, घाटात कोणत्या वळणावर गिअर पाडायचा, हे त्याला झोपेत विचारले तरी सांगता येईल. (झोपेत विचारायची वेळ येऊ नये, एवढीच प्रवाशांची प्रार्थना.) त्याचे गणितही चुकलेले नसते. बेरीज तपासून पाहा, पै न् पै जुळते. चुकतो तो महिना. हे गणित एप्रिलात मांडलेले असते आणि एप्रिलला बाराने गुणलेले असते. देवगडात एप्रिल एकदाच येतो.

इथला माल म्हणजे आंबा, मासळी आणि चिरा. बाकीचे सगळे किरकोळ. आंबा फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरू होतो आणि मेअखेर आटपतो, त्यातही खरी घाई आठ-दहा आठवड्यांची. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. पाऊस लागला की चिरेखाणीत पाणी भरते, म्हणजे जांभ्याची वाहतूकही थांबली. तीन धंदे तीन वेगवेगळ्या ऋतूंत बंद पडले असते तर एकावर दुसरा निभावला असता. इथे तिघेही एकाच पावसाला घाबरतात. पावसाला घाबरत नाही तो फक्त गाडीचा हप्ता. समजा, पंधरा लाखांचे कर्ज ११ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले. हप्ता होतो सुमारे ३२,६०० रुपये. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचे झाले एक लाख तीस हजार. साठ हप्त्यांपैकी वीस हप्ते भर पावसातले, म्हणजे साडेसहा लाख रुपये अशा महिन्यांत भरायचे, की जेव्हा गाडी ताडपत्री पांघरून फणसाखाली उभी असते आणि कोंबड्या तिच्या चाकांत अंडी घालतात. शिवाय विमा आहे. साडेसात टनांपर्यंतच्या मालगाडीला नुसत्या थर्ड पार्टीचे २०२२ च्या दराने १६,०४९ रुपये, वर जीएसटी. पासिंग आहे, टॅक्स आहे, टायर आहेत. बीएस-सिक्स गाडी असेल तर बहुधा डिझेलच्या जोडीला युरियाही पाजावा लागतो.

आयकर खात्याने मात्र या बाबतीत आमच्या शेठजींच्याही पुढे मजल मारली आहे. आयकर कायद्यातल्या एका कलमात दहापर्यंत मालगाड्या असणाऱ्याला वह्या न ठेवता कर भरण्याची सोय आहे. त्यासाठी बारा टनांच्या आतली प्रत्येक गाडी महिन्याला साडेसात हजार रुपये कमावते असे धरतात. गंमत अशी, की गाडी ज्या ज्या महिन्यात मालकीची आहे त्या प्रत्येक महिन्यासाठी हे धरायचे असते. ती चालली की उभी राहिली, हा प्रश्न कलम विचारत नाही. दिल्लीच्या लेखी आमची गाडी जुलैतही कमावती आहे. पट्टीच्या पाठीमागचे गणित आणि संसदेने केलेला कायदा यांचे इतके एकमत सहसा आढळत नाही.

या गणितात आणखी एक माणूस हरवलेला असतो, आणि तो म्हणजे ड्रायव्हर. हाच मनुष्य आजच्या शेठकडे भत्त्याचे पन्नास रुपये सोडत नाही. दोन रात्री सलग गाडी हाकली तर तिसऱ्या दिवशी तोंड फुगवून बसतो. नवा टायर मागितला आणि रिमोल्ड मिळाला, याची आठवण महिनाभर काढतो. पण स्वतःच्या गाडीच्या हिशोबात ड्रायव्हरचा पगार या ओळीपुढे तो शून्य लिहितो आणि खुशीत म्हणतो, ‘तो खर्च वाचलो!’ म्हणजे इतकी वर्षे ज्या माणसाच्या हक्कासाठी तो भांडला, त्याला फुकट राबवून घेणारा पहिला मालक हाच. एका अंगात शेठ आणि ड्रायव्हर दोघे राहायला आले, की तिसऱ्या रात्री सलग गाडी काढायला शेठ सांगतो आणि ड्रायव्हर मुकाट्याने काढतो. रिमोल्डसुद्धा घालतो. व्यवहाराचा नियम सरळ आहे: आज मिळतो तो पगार आणि भत्ता आधी वजा करावा, मग उरेल तो गाडीचा नफा. असे वजा केल्यावर पट्टीवर जे उरते ते पाहून पट्टी खिशात परत जाते आणि विषय पावसावर येतो.

यावर त्याची उत्तरे तयार असतात, आणि ती सगळीच टाकाऊ नाहीत. पहिले उत्तर: आपल्या शेठने एका गाडीच्या चार केल्या, त्याला कोणते गणित येत होते? खरे आहे. पण शेठची आंब्याची बाग होती, बाजारात दुकान होते, पावसातले हप्ते त्या दुकानाने भरले. आणि ज्यांच्या एका गाडीची शून्य झाली ते दिसत नाहीत, कारण विकलेली गाडी रस्त्यावरून नाहीशी होत नाही. नव्या मालकाच्या कुलदेवतेचे नाव लावून तीच गाडी समोरून येते आणि पाहणाऱ्याला वाटते, आणखी एकाने गाडी घेतली. दुसरे उत्तर: पावसात कोल्हापूरची लाइन धरू. फोंडा घाट उतरून कोल्हापूर-निपाणीकडची भाजी नि किराणा वर्षभर खाली येतो, हेही खरे. पण तो घाटावरच्या गाड्या आणतात आणि परतीला रिकाम्या असतात. रिकामी जाणारी गाडी डिझेलच्या पैशात कोणताही माल उचलते. तिच्याशी हप्तेवाल्याने दरात स्पर्धा करायची, ती दरड कोसळायच्या दिवसांत, आणि वर नेण्यासारखा मालही इथे नसताना. गणपतीच्या आधी पंधरा दिवस बाजारात थोडी धावपळ असते, पण पंधरा दिवसांत चार महिने बसत नाहीत.

तिसरे उत्तर मात्र जड आहे. तो म्हणतो, दुसऱ्याची किती दिवस चालवूची? पन्नाशीला कंबर जाईल, डोळे जातील, फंड नाही, पेन्शन नाही, आणि तीस वर्षे गाडी हाकून नावावर स्टेपनीसुद्धा नसेल. याला पट्टीवरचे गणित पुरत नाही. पाच वर्षे पोटाला चिमटा काढून हप्ते फेडले तर जुनी का होईना, एक वस्तू नावावर राहते, पगारातून तेवढे शिल्लक टाकणारा ड्रायव्हर क्वचितच. म्हणून गाडी घेऊच नये, असे माझे म्हणणे नाही. घ्यावी, पण आधी जुलै विकत घ्यावा. म्हणजे सहा हप्त्यांची रक्कम वेगळी ठेवावी, पावसात माल देणारा एखादा व्यापारी तोंडी नव्हे तर लेखी बांधावा, आणि गाडी मानापेक्षा मालाच्या मापाची घ्यावी. एकूण वजन तीन टनांच्या आत असेल तर मालगाडीला परमिट लागत नाही. साडेसात टनांच्या आतली मालगाडी साध्या एलएमव्ही लायसनवर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ ला पक्के केले आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये मालगाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. दिवस अगदीच वाईट नाहीत. बागायतदार हल्ली घरपोच पेट्या पाठवतात, त्या कामाला पिकअप किंवा छोटा हत्ती पुरतो.

पण छोटा हत्ती म्हटले की आमच्या शेठजींचा चेहरा उतरतो. चौदा फुटी हौद्याची गाडी जो मनात हाकतो आहे त्याला छोट्या हत्तीत बसवणे म्हणजे मानहानी. त्यात १ ऑक्टोबर २०२५ पासून साडेतीन टनांवरच्या नव्या मालगाड्यांना एसी केबिन सक्तीची झाली आहे. ही बातमी त्यांनी घरी दोनदा वाचून दाखवलेली असते. बायको बचतगटाची वही लिहिता लिहिता एकच विचारते, ‘आणि पावसात काय करतल्यात?’ बँकेने, शेठने आणि संसदेने न विचारलेला हा प्रश्न घरात फुकट मिळतो, आणि फुकट म्हणूनच त्याची किंमत होत नाही.

हल्ली शेठजींनी एक नवा तोडगा काढला आहे. गाडी आपण घालायची, पण चालवायला ड्रायव्हर ठेवायचा आणि आपण नोकरी सोडायची नाही, म्हणजे पावसातल्या हप्त्याला पगार हाताशी. कागदावर हा तोडगा उत्तम आहे. त्यासाठी त्यांनी तालुक्यातल्या दोन-तीन विश्वासू, निर्व्यसनी, घाटाची सवय असलेल्या ड्रायव्हरांना विचारूनही पाहिले. सगळ्यांनी मनापासून माफी मागितली. ते स्वतःच पुढच्या सीझनला गाडी घालणार आहेत, आणि त्यांनाही एक चांगला ड्रायव्हर हवाच आहे.